हेंडग्याचा अर्थ

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी भास्करचा फोन. सातवी ते दहावी माझ्या वर्गात होता, आता पोलिसात, सायबरच्या विभागात हवालदार. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, शाळाही त्यानंतर दोन वर्षांत बंद पडली, पण तो अजून 'सर' म्हणताना बाकावरून उठल्यासारखा आवाज काढतो. एका आरोपीच्या फोनमध्ये मराठी मेसेज आहेत म्हणे, वाचणारा कुणी मिळत नाही. "बोलता येतं सर, वाचायला बसलो की परेशान होतो." चार वर्षं शिकवलं त्याला. हे फळ.

विमल म्हणाली, पोलिसांचं कशाला अंगावर घेता. मी म्हणालो, सरकारी काम आहे, नाही कसं म्हणायचं. खरं म्हणजे बरं वाटलं होतं. मराठी येणारा माणूस म्हणून हैदराबादेत, नल्लकुंट्यात इतक्या वर्षांत मला कुणी बोलावलं असेल तर लग्नपत्रिका तपासायला.

८ फेब्रुवारी, शनिवार

ठाण्यात दोन तास. इन्स्पेक्टर तेलुगू, माझ्याशी हैदराबादी हिंदीत बोलतात. चहा, उस्मानिया बिस्किटं, 'मास्टरसाब'.

प्रकरण असं. नाल्याकाठची एक वस्ती पाडायला माणसं आली. जानेवारीच्या दोन तारखेला पहाटे पाडकामाचं यंत्र जळालं. विझवायला गेलेल्या रखवालदाराचे दोन्ही हात भाजले. त्यात धरलाय एक संतोष, वय एकतीस, दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासणारा. त्याच वस्तीत खोली करून राहायचा, लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. गाव उदगीरकडचं. म्हणजे माझ्याच तालुक्यातला. त्याचे आणि बहिणीचे दोन वर्षांचे मेसेज, छापून दोनशे चौदा पानं. इंग्रजी करून द्यायचं.

मी विचारलं, त्या ॲपवर तर लिहिलेलं असतं की दोघांशिवाय कुणाला वाचता येत नाही. साहेब हसले. कंपनी देत नाही म्हणाले. वरचे लोक मागतायत, कंपनी नाही म्हणते, वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. "तब तक हम लोगां अंगूठा माँगते."

संतोषचा अंगठा धरून फोनवर टेकवला, एवढंच. भास्कर मान खाली घालून कागद मोजत होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साठ पानं झाली. बहिणीचं नाव मंगल, अहमदपूरकडे दिलेली, नवरा खताच्या दुकानात. ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. पहिल्या दिवशी मी सवयीनं लाल पेन घेऊनच बसलो होतो. नणंद काय म्हणाली, पोरीला कुठल्या शाळेत घातलं, शेजारणीची म्हैस. हसूही आलं दोनदा.

एकतिसाव्या पानापासून हसू संपलं. हिला चौदाव्या वर्षापासून फिट्स येतात. लग्न ठरताना माहेरच्यांनी सांगितलं नाही. गोळ्या भाऊ हैदराबादहून बसच्या पार्सलात पाठवतो, ती तुरीच्या डब्यात तळाशी ठेवते. सात वर्षं. एकदा न्हाणीघरात फिट आली, दात लागून जीभ फाटली, घरच्यांना सांगितलं पाय घसरला. हे सगळं भावाला लिहिलंय. खाली लिहिलंय: यांना कळलं तर मला पोरीसकट आणून टाकतील. वाचून पुसून टाक.

त्यानं पुसलं नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साठ पानं देऊन आलो. 'वाचून पुसून टाक' खाली साहेबांनी दोन रेघा मारल्या. सांगितलं त्यांना, हे आजारपणाबद्दल आहे, आगीबद्दल नाही. म्हणाले, एकदा पुसायला सांगणारी बाई दहादा सांगते.

माझं भाषांतर बरोबर होतं. त्यात काही खोट नाही. हेच तर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना विमलनं विचारलं, काय असतं हो त्या कागदांत? नावं न घेता सांगितलं थोडं. न्हाणीघरातलं सांगितलं. नको होतं सांगायला.

तिनं ताट बाजूला सारलं. म्हणाली, ती बाई भावाला सांगत होती. तुम्हाला नव्हती सांगत.

मी म्हणालो, मी नाही वाचलं तर दुसरा कोणी वाचेल. ती भांडी घासायला उठली. आज कामवाली आली होती तरी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पान एकशे अठ्ठ्याऐंशी. तारीख डिसेंबरची, येळवसच्या चार दिवस आधीची. मंगल लिहिते: येळवसला ये. अप्पा गेल्यापासून आपल्या शेतात हेंडगा कुणी पेटवला नाही. या वर्षी तूच पेटवायचा. संतोषचं उत्तर: सुट्टी नाही. इथंच पेटवतो म्हण.

खाली तिचा हसणारा चेहरा.

मी कागद खाली ठेवला. पन्नास वर्षांत हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता, लिहिलेला तर कधीच पाहिला नाही. येळवस म्हणजे वेळा अमावस्या; दिवसभर शेतात आंबील, भज्जी, आल्यागेल्याला जेवण. दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवायची आणि पिकाभोवती पळत फिरवायची. वडील पळायचे पुढं, आम्ही मागं. तो हेंडगा. उदगीर-लातूरच्या बाहेर मराठी माणसालाही विचारावं लागेल.

आणि येळवसनंतर तीनच दिवसांत इथं यंत्र जळालं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी तेच पान आधी उचललं. भास्करनं त्यांना अडखळत वाचून दाखवलं असावं. "ये हेंडगा क्या है?"

मी येळवस सांगितली. पिकं, आंबील, कडबा, सगळं. ते ऐकत होते, घड्याळही बघत होते. शेवटी म्हणाले, मास्टरसाब, तीज-त्योहार छोडो, एक लफ्ज में बोलो. पेटवायची वस्तू आहे ना? हो. हातात धरून? हो. मग?

मी 'टॉर्च' लिहिलं.

माझ्या हातानं. कुणी हात धरला नव्हता. मात्र वेगळ्या पानावर अर्धं पान टीप लिहिली, सणाची, गावची. खाली सही केली. साहेब म्हणाले, लगा देंगे. भास्करनं टाचणी लावली, मी पाहिलं.

सरकारी काम संपलं. घरी सोडायला गाडी दिली. गल्लीतल्यांनी पोलिसांची गाडी पाहिली, त्यांनी काय समजायचं ते समजले असतील.

२३ फेब्रुवारी, रविवार

ऋचाचा पुण्याहून फोन. ती कॉम्प्युटरमधलीच. विमलनं तिला सांगितलेलं दिसलं, कारण सुरुवातच तिथून. मेसेज वाटेत कुलूपबंद असतो बाबा, पण दोन्ही टोकांना उघडा पडलेला असतो. टोक हातात आलं की झालं. आणि आता सरकार म्हणतं की कुलपाची एक किल्ली आमच्याकडेही द्या. म्हणजे अंगठासुद्धा धरायला नको.

मी म्हणालो, गुन्हेगार सापडायला नकोत का? त्या रखवालदाराचे हात भाजलेत. ती म्हणाली, सापडू देत की. पण त्यासाठी त्या बाईचं आजारपण कशाला लागतं?

मग म्हणालो, आपल्याकडे लपवण्यासारखं काही नसलं तर…

पुढं बोलू दिलं नाही. "बारावीत माझी लपवलेली वही वाचलीत तेव्हा हेच म्हणाला होतात."

चौदा वर्षं झाली त्याला. मला वाटत होतं, विसरली.

२२ एप्रिल, मंगळवार

संतोषच्या वकिलाचा फोन. ॲडव्होकेट नसरीन, तरुण आवाज, दखनी बोलतात. दोषारोपपत्रात भाषांतरकार म्हणून माझं नाव, सही. विचारलं, हेंडगा म्हणजे टॉर्चच ना? मी म्हणालो, टीप वाचा.

टीप नाही.

दोनदा बघायला सांगितलं. पान एकशे सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद. मध्ये काही नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

बरकतपुऱ्यात त्यांच्या ऑफिसात गेलो. जिन्याखालची खोली, पंखा नाही, कागदच कागद. नसरीनबाईंनी मला माझंच इंग्रजी वाचून दाखवलं. यू मस्ट लाइट द टॉर्च धिस इयर. आय विल लाइट इट हिअर. पुढच्या ओळीत यंत्र जळाल्याची तारीख. डिलीट आफ्टर रीडिंग त्याच पानावर आणलंय, एकतिसाव्या पानावरून उचलून. मधली दीडशे पानं गायब. फक्त निवडक उतारे जोडलेत.

असं वाचलं तर मीच संतोषला आत टाकलं असतं.

त्या म्हणाल्या, तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या, शब्दाचा अर्थ सांगा. जामिनाला उपयोग होईल. पण सरकारी वकील विचारणार, पुसून टाक कशासाठी? त्याचं उत्तर द्यायचं तर सगळे मेसेज कोर्टापुढं ठेवावे लागतील. आजारपणासकट. आणि ते एकदा फायलीत गेलं की कुणाच्याही हाती लागतं.

संतोषला तुरुंगात विचारलं होतं त्यांनी. तो म्हणाला, बहिणीचं काही काढू नका, मी राहतो आत.

त्यानं यंत्र पेटवलं की नाही, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. मला माहीत नाही. मला एक शब्द माहीत आहे.

२९ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी भास्कर घरी. विमलसाठी मोगरा, माझ्यासाठी पुल्लारेड्डीपेक्षा चांगली म्हणून कुठल्याशा दुकानाची मिठाई. बराच वेळ शाळेच्या आठवणी. मग, वकीलबाईंशी तुमचं तीनदा बोलणं झालं म्हणे सर.

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"काय बोलले ते नाही कळत सर. कोण कुणाशी, किती वेळ, तेवढंच."

तेवढंच. टिपेचं पान विचारलं. खिडकीकडे बघत म्हणाला, मी टाचणी लावली होती सर, पुढं फाईल कुठं कुठं जाते. त्याला दोन मुली आहेत, बदलीची भीती आहे, हे सगळं न विचारता सांगितलं. जाताना वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. सवय.

१४ मे, बुधवार

विमलचा चष्मा सापडत नव्हता म्हणून तिच्या फोनवरचा गॅसचा मेसेज वाचायला मला दिला. बहिणीशी तिचं रोजचं बोलणं असायचं, सकाळ-संध्याकाळ, स्क्रीन संपायची नाही. सगळं कोरं. मी विचारलं, अक्काशी भांडण झालं काय?

म्हणाली, नाही. आता फोन करते, तेही तुम्ही बाहेर गेलात की. लिहीत नाही काही.

का, हे मी विचारलं नाही. तिनं तरीही सांगितलं. तुमच्यासारखं कुणीतरी बसून वाचेल.

अडतीस वर्षं झाली लग्नाला. एकदाही माझ्याशी वाईट आवाजात बोललेली नाही. आजही नाही. साध्या आवाजात म्हणाली.

९ जून, सोमवार

नामपल्लीला कोर्टात. जामिनाची तारीख होती, पुढं ढकलली. नसरीनबाईंनी बोलावलं होतं म्हणून गेलो, प्रतिज्ञापत्राचं अजून ठरलं नव्हतं. बाहेर बाकावर एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, पस्तिशीच्या आतली. शिपायाला मराठीत विचारत होती, संतोषला कुठल्या दारानं आणतील. तो तेलुगूत काही सांगत होता. मला कळायच्या आत माझ्या तोंडून निघालं, ताई, आज नाही आणणार, व्हिडिओवर दाखवतात.

मराठी ऐकून तिचा चेहरा असा उजळला की मला तिथून निघून जावंसं वाटलं.

मंगलच. घरी देवदर्शन सांगून आली होती, रात्रीच्या गाडीनं परत. चहा पाजला. मी कोण, हे न सांगता जाता आलं असतं. जवळजवळ गेलोच होतो. तिनं विचारलं, तुम्ही वकिलांचे कोण? मग सांगितलं. पोलिसांसाठी मेसेज मी वाचले.

कपात बघत राहिली. मग, "सगळे?"

हो म्हणालो.

"माझा नवरा एका घरात राहून जे जाणत नाही ते तुम्हाला माहिती." रागानं नाही. जणू हिशोब लागत नव्हता, तो लावून बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, न्हाणीघराचं पण? मी मान हलवली. तिनं पदर तोंडाला लावला. आजूबाजूला माणसं होती, कुणी पाहिलं नाही. कोर्टात रडणाऱ्या बाईकडे कोण बघतं.

माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही, कळलं नाही.

मग मी दोन्ही बाजू नीट सांगितल्या. मी हेंडग्याबद्दल बोललो तर भावाला उपयोग होईल, पण तिचं उघडं पडेल. नाही बोललो तर तो आत. तिनं विचारलं, माझं नाव न घेता नाही का होणार? नाही. दुसरं कुणी नाही का सांगणारं? हा शब्द माहीत असलेला आणि सही केलेला मीच.

शेवटी म्हणाली, आधी मी घरी सांगते. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून. मग तुम्हाला फोन करते, तोवर थांबा.

तिच्या फोनमध्ये माझा नंबर नको, असं आम्हा दोघांनाही एकदम सुचलं. चिठ्ठीवर लिहून दिला. नाव लिहिलं नाही. काचीगुडा स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, अप्पा फार पळायचे हो हेंडगा घेऊन. एवढंच.

१६ जून, सोमवार

फोन नाही. तिचा नंबर माझ्याकडे आहे, प्रत्येक पानाच्या माथ्यावर होता. करायचा नाही. तिथं फोन कोण उचलेल?

नसरीनबाईंचा निरोप आला, प्रत्यक्ष माणूस पाठवून: तेवीस तारीख नक्की, प्रतिज्ञापत्र तयार करून सोबत पाठवलंय, न्यायाधीश मला समोर बोलावून विचारतील. ताईच्या होकाराशिवाय मी सही करणार नाही, हे कळवलं. उत्तर आलं, लडका पाँच महीने से अंदर है, सर.

१९ जून, गुरुवार

विमलला सगळं सांगितलं. कोर्ट, मंगल, चिठ्ठी. ती ऐकत भाजी निवडत होती. मी विचारलं, तिच्या जागी तू असतीस तर काय सांगितलं असतंस? म्हणाली, मी असते तर हा प्रश्न तुम्ही पहिल्या सहीच्या आधी विचारलेला मला बरा वाटला असता.

मग पांढरा शर्ट इस्त्रीला टाकून आली. कोणत्या बाजूनं बोलायला, ते म्हणाली नाही.

२१ जून, शनिवार

फोन नाही. भास्करचा मात्र आला. सर, सोमवारी तब्येत बरी नसेल तर डॉक्टरचं सर्टिफिकेट मी आणून देतो. फार आदरानं बोलला. मी म्हणालो, तब्येत ठणठणीत आहे. फोन ठेवल्यावर रक्तदाबाची गोळी घेतली, म्हणजे तेही खोटंच.

२२ जून, रविवार

सकाळी अकराला फोन वाजला. तिचाच नंबर, पाठ झालाय. विमल समोर होती. मी उचलला, ताई म्हणणार होतो, म्हणालो नाही. कशानं थांबलो कुणास ठाऊक.

पलीकडे पुरुषाचा आवाज. शांत, जरा थकलेला. चिठ्ठीवर हा नंबर सापडला म्हणाला, तुरीच्या डब्यात. पाठीमागं लहान पोर रडत होतं, दुसरा कसलाच आवाज नव्हता. तिनं त्याला सांगितलंय आणि त्यानं म्हणून फोन केलाय, की काहीच सांगितलेलं नाही आणि त्यानं डबा उपसलाय, हे त्याच्या आवाजावरून मला ठरवता येईना. दोनशे चौदा पानांत त्याचं बोलणं कुठंच नव्हतं.

"कोण तुम्ही?" त्यानं विचारलं. पुन्हा विचारलं, "माझ्या बायकोचे कोण तुम्ही?"

काय सांगायचं? शिक्षक म्हणालो तर कुठला, कुणाचा. पोलिसांचा माणूस म्हणालो तर सगळंच आलं. मी राँग नंबर म्हणून फोन ठेवला. विमल बघत होती.

परत आला नाही. दुपार झाली, संध्याकाळ झाली. फोन टेबलावर उताणा ठेवलाय. प्रतिज्ञापत्र शेजारी, सहीची जागा कोरी.

आज एका माणसानं सरळ मी कोण ते विचारलं आणि मी सांगितलं नाही. उद्या साडेदहाला शपथ देऊन पहिलं तेच विचारतील.